बोक्याला न उघडणारं दार

बाबा,

मागच्या रविवारी मी घराच्या मागच्या दाराला भोक पाडून घेतलं. दार चांगलं होतं, वरचा रंगही अजून नवा दिसत होता. सुतारानं पेन्सिलीनं चौकोन आखला, मशीनची वायर स्वयंपाकघरातल्या प्लगात लावली आणि मला पुन्हा एकदा विचारलं, "दीदी, सोच लो. कटने के बाद जुड़ेगा नहीं." मी म्हटलं, "काटो भैया." आई तेव्हा समोरच्या खोलीत पोथी उघडून बसली होती. एरवी ती मनातल्या मनात वाचते. त्या दिवशी मशीन सुरू झाली तशी ती मोठ्यानं वाचायला लागली आणि मशीन थांबेपर्यंत वाचत राहिली. ऑफिसात कोणाला हे सांगितलं असतं तर मांजरासाठी दार बसवलं, एवढंच त्यांनी ऐकलं असतं. आईला तो आवाज का ऐकायचा नव्हता, हे माझ्याशिवाय फक्त तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा वेगळं राज्य होणार, होणार, असं आपण नुसतं ऐकत होतो. तुमच्यानंतर काही महिन्यांतच ते झालं आणि आपलं रायपूर राजधानी झालं. नवा तांदूळ निघाला की तुम्ही सायकल काढून ज्या गावांकडे जायचात, त्या गावांच्या शेतांवर आता नवा रायपूर आहे. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर त्याला ऐकू जायचं नाही, आणि मुळात पलीकडे माणूस असतोच असं नाही. मंत्रालय तिकडे गेलं, त्यामागून मीही गेले. माझं लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आई माझ्याजवळ असते. तळमजल्यावरचं लहानसं घर आहे, मागे ओटा, थोडी मोकळी जागा, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जुन्या गावातली घरं. बसचा भरवसा नाही म्हणून मी या वयात गाडी शिकले. सकाळी निघाले की संध्याकाळीच परत येते, आणि तोवर आई एकटी. तिची ऐंशी उलटली, गुडघे धरतात, पण स्वयंपाकघर तिनं अजून माझ्या हाती दिलेलं नाही.

मागच्या एका थंडीत गावाकडून भिंतीवरून एक मांजर आली आणि तिनं आमचं घर धरलं. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण आईनं तिला हाकललं नाही. आधी ओट्यावर दुधाची वाटी ठेवली, मग वाटी दाराच्या आत आली, मग मांजरच आईच्या गोधडीवर आली. राखाडी अंगाची, पांढऱ्या पायांची. आई तिला नुसतं पोट्टी म्हणते, आपल्याकडे पोरीला म्हणतात तसं. "पोट्टीनं आज तोंड नाही लावलं दुधाले." "पोट्टी कुठी गेली, पाह्य बरं." ऑफिसातून मी फोन केला की आईच्या गुडघ्यांच्या आधी मला पोट्टीची हालहवाल कळते. या पोट्टीचं एकच दुखणं. तिला कोंडून घेतलेलं चालत नाही. घटकाभर आत, घटकाभर बाहेर, आणि दर वेळी दाराशी बसून ओरडणार. आई दर वेळी उठून कडी काढायची. दार उघडंच ठेवत जा म्हटलं तर ते तिला चालायचं नाही, कारण गावातला एक दांडगा पिवळा बोका भिंतीवर येऊन बसतो, त्याचा एक कान फाटलेला आहे. त्याच्यावर आईची सतत नजर. दार जेवढ्यास तेवढं उघडायचं, पोट्टीला आत घ्यायचं, की लगेच कडी. परत ओरडली की परत कडी.

होळीच्या सुमाराला एका दुपारी आई अशीच घाईनं उठली, उंबऱ्याला पाय अडखळला आणि पडली. उजवं मनगट मोडलं. शेजारणीचा फोन आला, मी ऑफिसातून धावत आले, तर ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलेली, मोडलेला हात मांडीवर घेऊन. मला पाहून म्हणाली, "आधी पोट्टीले आत घे. तो भिंतीवर बसून राहिला."

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वेळी हात नाही, कंबर मोडेल. घरी येताना गाडीत मी म्हटलं, "आई, मांजर कोणाला तरी देऊन टाकू." ती रात्रीच्या जेवणाला बसली नाही, भूक नाही म्हणाली. तेव्हा ते मी पुन्हा काढलं नाही. मग ऑफिसातल्या एका बाईनं मला सांगितलं की मांजरांसाठी दारातच बसवायचं छोटं दार मिळतं, झडपेसारखं. मांजर डोक्यानं ढकलून आपली आपण ये-जा करते, कोणी उठायला नको. मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं. ती डाव्या हातानं वरण-भात खात होती, तिचा घास थांबला.

"दाराले भोक?"

"हो. खाली, एवढंसं."

"दाराले भोक नाही पाडायचं."

"काहून?"

"काहून म्हणून विचारते तू? तू घरी नव्हती काय तेव्हा?"

होते ना, बाबा. मी होते.

रेल्वे कॉलनीतलं आपलं क्वार्टर. मी तिसरीत आहे. माझी बहीण बारसं व्हायच्या आधीच गेली आहे, रेल्वेच्या दवाखान्यातूनच. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आई पोळ्या करते, तुमचा डबा भरते, माझ्या वेण्या घालते, आणि काम आटोपलं की मागच्या दाराशी बसून बाहेर बघत राहते. तुम्ही भोंग्याला वर्कशॉपात जाता, भोंग्याला परत येता. मग ती पोटुशी मांजर यायला लागते आणि एक दिवस आपल्या कोळशाच्या खोक्यातच विते. आई त्या खोक्यात माझं जुनं स्वेटर अंथरते. कितीतरी दिवसांनी तिचा बोलण्याचा आवाज येतो, तोही मांजरीशी बोलताना. मांजरीला ये-जा करता यावी म्हणून भर थंडीत मागचं दार सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडं असतं. मी शिंकते आहे, चूल विझते आहे. तुम्ही आईला काही म्हणत नाही. अंगावर घोंगडं ओढून जेवायला बसता.

मग एका रविवारी तुम्ही आईला आणि मला गोल बाजारात पाठवलंत, तिला बांगड्या भरायला. आम्ही परत आलो तर मागचं दार बंद, आणि त्याच्या तळाला एक चौकोनी भोक. वर्कशॉपातून करवत आणून तुम्ही ते पाडलं होतं. भोकाच्या कडेनं पत्र्याची पट्टी ठोकली होती, आणि मांजरीचं पोट घासू नये म्हणून पट्टीच्या कडा आत दुमडल्या होत्या. वरून जुन्या रबराचा तुकडा सोडला होता, वारा येऊ नये म्हणून. आई खाली वाकली. नव्या बांगड्यांच्या हातानं तिनं ते रबर उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. आणि हसली, बाळ गेल्यावर पहिल्यांदा. तुम्ही खिळ्यांचा डबा आवरत होता. तुम्ही वर पाहिलं नाहीत, पण मी खाली बसलेली होते, मला तुमचा चेहरा दिसला. त्यानंतर क्वार्टरची तपासणी करायला आलेल्या साहेबानं तुम्हाला सगळ्यांदेखत सुनावलं, "दरवाजा रेल्वे का है, तुम्हारा नहीं." तुम्ही "जी साब, जी साब" म्हणालात. साहेब गेल्यावर वाकून, रबर सारखं लोंबतं आहे ना, ते पाहिलंत.

पिलांचे डोळे उघडले होते. ती खोक्याच्या कडेवर पाय ठेवून उभी राहू लागली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई मला घेऊन शेजारी गेली, मांजर कुठेतरी बाहेर गेली असावी. आम्ही परत आलो. खोकं आडवं झालं होतं. बोका रबर ढकलून आला होता आणि तसाच गेला होता. त्याहून जास्त मी लिहीत नाही, तुम्ही पाहिलं आहे. आई हातात वाण घेऊन दारातच उभी राहिली. भोंगा झाला, तुम्ही घरी आलात, तुम्हाला कोणी काही सांगावं लागलं नाही. तुम्ही पिलं टॉवेलात घेतलीत आणि बाहेर गेलात. बऱ्याच वेळानं आलात ते हातात पत्र्याचा तुकडा घेऊन, आणि भोकावर तो ठोकायला बसलात. मी विचारलं, "बाबा, मग मांजर कुठून येईल?" तुम्ही ओरडलात, "चूप बस!" इतक्या जोरानं तुम्ही माझ्यावर त्याआधी कधी ओरडला नव्हतात, नंतरही कधी ओरडला नाहीत. मांजर पुढे काही दिवस बाहेरून तो पत्रा ओरबाडायची. मग येईनाशी झाली. तुम्ही साऱ्या दाराला हिरवा रंग दिलात, पण ते क्वार्टर सोडेपर्यंत रंगाखालून तो चौकोन दिसायचा.

त्यावर तुम्ही दोघं कधी बोललेलं मी ऐकलं नाही. भांडलेलंही ऐकलं नाही. तुम्ही पगार तिच्या हातात देत होता, ती तुमच्या डब्यात तुम्हाला आवडतो तसा झुणका घालत होती. फक्त एक गोष्ट थांबली. आधी तुम्ही तिच्यासाठी सारखं काहीतरी बनवत असायचात. बुटकं स्टूल, पोळपाटाला चौथा पाय, फळीला कोपरा. त्या संक्रांतीनंतर तुम्ही हातानं काही बनवून तिच्यासमोर ठेवलं नाहीत. मोडलेलं दुरुस्त करायचात, पण नवं काही नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. हल्ली आई झोपली की मी घरातल्या वस्तू बघत बसते, तेव्हा लक्षात आलं की तुमच्या हातचं जे काही आहे ते सगळं त्याच्या आधीचं आहे.

म्हणून आई नको म्हणाली तेव्हा मी वाद घातला नाही. पण तिच्या हाताला प्लास्टर होतं, आणि प्लास्टरच्या हातानंही ती कडी काढायला उठतच होती. मी दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर या दारांबद्दल वाचायला लागले. साधी झडप मी पाहिली आणि लगेच बंद केली. ती म्हणजे आपलं रबरच, फक्त प्लास्टिकचं. जो ढकलेल तो आत. दुसरी चुंबकाची. मांजरीच्या गळ्यात चुंबकाचा पट्टा बांधायचा, तो जवळ आला की खिटी सुटते. पण पोट्टी गळ्यात काही राहू देत नाही, एकदा घुंगरू बांधलं होतं ते तासाभरात भिंतीपलीकडे टाकून आली. शिवाय कोणत्याही मांजराच्या गळ्यात तसलं चुंबक असलं की दार त्यालाही उघडणार. तिसरा प्रकार चिपचा, आणि तो वाचताना मला राहून राहून तुमची आठवण येत होती. मांजरीच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू घालतात. तिच्यात एक नंबर असतो, दुसरं काही नाही. झडपेच्या चौकटीत तो नंबर वाचणारं यंत्र असतं. मांजरीनं डोकं आत घातलं आणि नंबर ओळखीचा निघाला की खिटी सरकते. न ओळखणाऱ्याला सरकत नाही, तो कितीही दांडगा असो. बाबा, हे समजून घ्यायला मला तीन-चार दिवस लागले. तुम्ही खिटी कुठे बसते आणि स्प्रिंग कोणती आहे एवढं विचारून मोकळे झाला असता.

त्यातही निवड होतीच. एक मोठ्या मापाचं, लहान कुत्र्यालाही चालेल असं. एक असं की मांजर बाहेर जातानाही तिचा नंबर वाचतं. एक फोनला जोडायचं. दार लोखंडी असेल तर यंत्र गडबडतं म्हणे, आपलं लाकडी आहे हे बरं. सेल संपत आले की लाल दिवा लागतो. ही सगळी माहिती मी संध्याकाळी आईला सांगायची, जणू तिनं हो म्हटलं आहे. ती शेंगा सोलत ऐकायची. एकदाच म्हणाली, "अन् बोका पोट्टीच्या मागं मागंच घुसला तं?"

हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीनं आधी सांगितलं की असं होणारच नाही, मॅडम, बिलकुल नहीं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली की मांजर आत गेली की झडप बंद होऊन खिटी पडते, त्याला थोडाच वेळ लागतो, पण दुसरं मांजर अगदी चिकटून आलं तर शंभर टक्के सांगता येणार नाही. मी घरी येऊन आईला ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे पुरा भरवसा नाही," आई म्हणाली.

"पुरा नाही."

"बरं केलं, खरं सांगतलं." आणि शेंगांची परात घेऊन उठली.

दोन दिवसांनी सकाळी गाडीची किल्ली घ्यायला गेले तर किल्लीशेजारी पुड्याचा दोरा गुंडाळून ठेवलेला होता, मधे एक गाठ मारलेली. मी विचारलं तर आई कढईकडे बघत म्हणाली, "पोट्टीच्या खांद्यायचं माप आहे. लय मोठं भोक नको घेऊ." मी लहान मापाचं मागवलं. ते महाग होतं, आणि त्याबद्दल आईनं मला काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चिप घालायला आम्ही पंडरीला गेलो, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत जनावरांचा दवाखाना आहे तिथे. आई हट्टानं आली, प्लास्टरसकट. पिशवीतली मांजर तिच्या मांडीवर होती आणि पूर्ण रस्ताभर ती तिच्याशी बोलत होती. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, ती सुई बरीच जाड होती. आईनं विचारलं, "बहुत दुखेंगा क्या?" त्या म्हणाल्या, "अम्मा, बस एक सेकंड." पोट्टी एकदा कळवळली आणि झालं. मग त्यांनी एक यंत्र तिच्या मानेवर धरलं, ते वाजलं आणि त्यावर लांबलचक नंबर आला. त्यांनी कार्ड भरायला घेतलं. "नाम क्या है इसका?" आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग आई म्हणाली, "पोट्टी. पोट्टीच लिखो." कार्ड हातात आल्यावर तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि आपल्या बटव्यात ठेवलं, माझ्याकडे दिलं नाही.

मागवलेलं दार घरी येऊन पडलं तरी सुताराला बोलवायला आईचा जीव होत नव्हता. शेवटी मी ते दार ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलं होतं, त्याच खोक्याला सुरीनं भोक पाडून त्यात बसवलं, आणि आत पोट्टीची आवडती सुकट ठेवली. बटण दाबलं, पोट्टीनं वास घेत डोकं आत घातलं, खट् असा आवाज झाला. यंत्रानं तिचा नंबर लक्षात ठेवला. त्यानंतर ती आली की खट्, दर वेळी खट्. आई वेताच्या मोढ्यावर बसून बघत होती. मग तिनं बाहेरून आपला डावा हात झडपेपुढे धरला, ढकलून पाहिली. झडप हलली नाही. तिनं जरा जोर लावला.

"माह्या हाताले नाही उघडत."

"तुझ्यात चिप नाही ना."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि हात मागे घेतला. "बोलाव त्या सुताराले."

तर मागच्या रविवारी ते बसलं. सुतार भुसा झाडून, चहा पिऊन गेला. आईनं पोथी मिटली, स्वयंपाकघरात आली, दारासमोर खुर्ची ओढून बसली. जेवायलाही ती तिथेच बसली. पोट्टी दोनदा बाहेर जाऊन आली, आणि आई दोन्ही वेळा अर्धी उठून पुन्हा खाली बसली. दुपार कलली होती, मी चहा टाकत होते. झडपेचं प्लास्टिक धुरकट आहे, पण आरपार दिसतं. पलीकडे पिवळं काहीतरी आलं. आईनं माझा हात धरला. तो बोकाच होता. त्यानं नाक लावलं, वास घेतला. मग कपाळानं ढकललं. झडप खडखडली, पण उघडली नाही. त्यानं पुन्हा ढकललं, मग पंजानं कडेला उकरायला लागला. त्याचा चेहरा प्लास्टिकवर दाबलेला आम्हाला इकडून दिसत होता, फाटका कान, डोळा. गॅसवर चहा उतू गेला, पण आईनं माझा हात सोडला नाही. किती वेळ ते चाललं, मला सांगता येणार नाही. मग तो गेला. भिंतीवर चढला, पलीकडे उतरला. आम्ही दोघी तशाच. बऱ्याच वेळानं ओट्यावर पांढरे पाय दिसले, खट् झालं, पोट्टी आत आली आणि आमच्याकडे न बघता वाटीकडे गेली.

आई मांजरीकडे बघत नव्हती, झडपेकडे बघत होती. म्हणाली, "असं तेव्हा असतं तं."

आणि बाबा, मी तिला म्हटलं, "आई, बाबांनी एकदा मला विचारलं होतं. शेवटी दवाखान्यात होते तेव्हा. म्हणाले, तुझी आई अजून रागावून आहे काय माह्यावर, त्या भोकापायी?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "असं विचारलं त्यायनं?"

"हो."

"मंग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, तिलाच विचारा."

"मले तं नाही विचारलं." तिनं माझा हात सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, प्लास्टरचा खाली, दुसरा वर. मग ती बोलायला लागली. तिचं बोलणं मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ते तुमच्यासाठी होतं.

"भोकाचा राग मले कधी नव्हताच. पोट्टी गेली तवा, आपली पोट्टी, ते रडले नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामाले गेले. मले वाटलं, यायले काही वाटलंच नाही. तो राग होता मले. मंग ते मांजरीचे पिल्लं गेले. टावेलात घेऊन बाहेर गेले, अन् वापसच नाही येऊन राहिले, म्हणून मी पाहाले गेली. पाण्याच्या टाकीच्या मागं बसले होते. खड्डा बुजवून झाला होता. तोंडात रुमाल कोंबून रडून राहिले होते. मांजरीच्या पिल्लायसाठी असं कोणी रडते काय? तवा मले समजलं कोणासाठी रडून राहिले ते. मी तशीच वापस फिरली. वाटलं, माणूस लपून रडून राहिला, आपण कायले दिसावं. जवळ जाऊन बसाले पाहिजे होतं मी. नाही बसली. मंग ते घरी येऊन पत्रा ठोकाले लागले, अन् मले वाटलं, आता काय बोलावं. तसंच राहून गेलं."

पोट्टी वाटी चाटत होती. मी गॅसवर सांडलेला चहा पुसायला घेतला, कारण मला काहीतरी करायला हवं होतं. मागून आई म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात राग होता, खरा, माझ्यावरचा, "तू मले तेव्हाच काहून नाही सांगतलं? ते होते तवा? मी सांगतलं असतं ना त्यायले."

मी म्हटलं, "राहून गेलं, आई."

त्यानंतर आठवडा झाला. बोका अजून येतो, ढकलून बघतो, जातो. आईचं प्लास्टर निघालं. ती माझ्याशी बोलते, पण जरा तोडून. एकदा फोडणी देता देता आपल्याशीच म्हणाली, "विचारलं होतं त्यायनं," आणि तिचा चेहरा असा झाला की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि आईच्या हाती लागू नये म्हणून घरात ठेवताही येणार नाही. उद्या ऑफिसात नेऊन फाडीन. तुम्हाला तर ठाऊकच आहे, तुम्ही मला तसं काही विचारलं नव्हतं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही फक्त सायकलला कुलूप लावलं का, एवढंच विचारत होता. ते वाक्य मी त्या रविवारी चहा उतू जात असताना तयार केलं. आईला खरं सांगावं असं रोज मनात येतं, आणि रोज मी सांगत नाही. तिचा माझ्यावर राग असेल तर असू दे. तुम्ही विचारलं होतं, असं तिला वाटतं आहे, आणि ते मला तसंच राहू द्यायचं आहे.